झेंडूच्या माळेआडची सूचना

मित्रांनो, आमच्या कला महाविद्यालयाच्या व्हरांड्यात पाऊल टाकलंत, की डाव्या हाताला एक सागवानी चौकट दिसेल. आत हिरवं कापड, पुढं दोन सरकत्या काचा आणि काचांच्या मध्ये एक छोटंसं कुलूप. तो मी. इथला जुना सूचना फलक. माझ्या एका काचेच्या कोपऱ्याला तडा गेला आहे आणि हिरव्या कापडाचा रंग उन्हानं पार उडून गेला आहे. तरी माझ्या पोटात आजही टाचण्या टोचल्या जातात. फलकाला जगायला तेवढं पुरतं.

मला कळमनुरीच्या दगडोबा सुतारानं घडवलं. तेव्हा हे कॉलेज म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. मला भिंतीवर ठोकायची वेळ आली तेव्हा दगडोबानं विचारलं, की उंची कोणाच्या मापानं धरू? तेव्हाचे प्राचार्य व्यंकटराव म्हणाले, "सगळ्यांत बुटक्या पोरीच्या मापानं धरा. तिला टाचा उचलाव्या लागू नयेत." म्हणून मी असा खाली आहे. उंच मुलांना मला वाचायला जरा वाकावं लागतं. रुख्मिणीबाई म्हणते, देवळातही वाकूनच जावं लागतं, त्यात काय बिघडलं?

रुख्मिणीबाई म्हणजे इथली सेविका. सगळी मुलं तिला मावशी म्हणतात. तिच्याबद्दल पुढं सांगायचंच आहे.

माझ्या उमेदीच्या काळात माझ्यापुढं उभं राहायला जागा मिळत नसे. निकाल लागला की काचेवर नाकांचे ठसे उमटत. वक्तृत्व स्पर्धा, युवक महोत्सव, सेवा योजनेचं हिवाळी शिबिर, कमवा आणि शिका, शिष्यवृत्तीची मुदत, सगळं आधी मला कळे आणि मग गावाला. एकदा एक मुलगा शिक्षक झाल्याचे पेढे घेऊन आला. त्यानं पहिला पेढा माझ्या चौकटीवर ठेवला. भरतीची बातमी त्याला माझ्याकडूनच कळली होती. तो पेढा मुंग्यांनी खाल्ला, पण मान माझा झाला.

मग फोन आले. प्रत्येक वर्गाचा एक गट झाला आणि सूचना त्या गटावर जाऊ लागल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चांगली बातमी कोणत्याही वाटेनं येवो. पण माझ्यापुढची गर्दी ओसरली. माझ्या काचेवर कुणी तरी शिकवणी वर्गाची जाहिरात डिंकानं चिकटवली. ती निघता निघेना. वरच्या कोपऱ्यात गांधीलमाशीनं घर केलं. परीक्षेचं गेल्या वर्षीचं वेळापत्रक तर पिवळं पडून गळून पडेपर्यंत माझ्या पोटात राहिलं.

त्या काळात मला एकट्या रुख्मिणीबाईनं सांभाळलं. तिचे नेम फार. सोमवार धरते, चतुर्थी धरते, आणि एक नेम तिनं स्वतःच लावून घेतलेला. सकाळी कॉलेज उघडलं, की आधी माझी काच पुसायची, मगच पहिला चहा घ्यायचा. "लेकरायच्या नशिबाचं ह्याच्यात लागून राहते," असं ती हळूच म्हणायची. कधी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही. माझ्या कुलपाची किल्ली तिच्या कमरेला असते.

आणि दुसरी होती संगिता. तांड्यावरून येणारी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी. घरात एकच फोन आणि तो तिच्या वडिलांच्या, रामसिंगच्या खिशात. रामसिंग दिवसभर वारंगा फाट्यावर ट्रकमध्ये माल भरायला. म्हणून संगिता रोज बसमधून उतरली की आधी माझ्यापुढं येई. सगळं वाचे. मुलांच्या कबड्डीची निवडसुद्धा वाचे. मैत्रिणी चिडवायच्या, "काय गं, कबड्डीत जाऊन राहिली का आता?" ती हसायची आणि पुढची ओळ वाचायची.

ती इतकं का वाचत होती, हे तिनं एकदा रुख्मिणीबाईला सांगितलं, तेव्हा मला कळलं. तिला पुढं शिकायचं होतं. रामसिंग तिच्या आड येणारा बाप नव्हता, पण त्याची एक अट होती. तो म्हणाला होता, "कुनी बोलावलं तर जाय बेटा. बिना बोलावल्याचं परक्या दारात उभं राहू नको." वर्ष संपलं की तिचं लग्न बघायचं ठरलं होतं. तेवढ्यात कुठून तरी बोलावणं यायला हवं होतं. ते तिच्या दारात येणार नव्हतं. येणार होतं ते माझ्याकडं.

आणि ते आलं, मित्रांनो. दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या दिवशी आलं.

मराठीच्या सृष्टी मॅडमनी दुपारी रुख्मिणीबाईकडून किल्ली घेऊन स्वतःच्या हातानं तो कागद माझ्या पोटात, बरोबर मधोमध टाचला. विद्यापीठात लोकगीतं जमवण्याचं महिनाभराचं शिक्षण मिळणार होतं. मुलींच्या राहण्याची सोय तिथंच होती. जो नीट शिकेल त्याला पुढं एम.ए.ला तिथंच जागा मिळणार होती. आपल्या घरच्या बोलीतलं एक गाणं मराठी अर्थासह लिहून द्यायचं होतं. एका कॉलेजातून एकच नाव जाणार होतं. सुट्टी संपून कॉलेज उघडेल तोच नाव देण्याचा शेवटचा दिवस. मॅडमनी तीच सूचना गटावरही टाकली आणि त्या सणाला माहेरी गेल्या.

त्यानंतर तासाभरानं रुख्मिणीबाई पूजेचं ताट घेऊन आली.

खंडेनवमीला आपल्याकडं कामाच्या वस्तूंची पूजा होते. शेतकरी विळा पुजतो, सुतार रंधा पुजतो. कॉलेज सुट्टीत बंद असतं म्हणून रुख्मिणीबाई आदल्या कामाच्या दिवशीच पूजा उरकते. आधी घंटा, मग कपाटं, मग मी. मला कोणी विसरलं तरी ती विसरत नाही. नवरात्राचे उपास चालू होते, तिचा आवाज नेहमीपेक्षाही हळू झाला होता. तिनं मला हळदकुंकू लावलं, धूप दाखवला. भावाच्या शेतातला टपोरा झेंडू तिनं दिवसभर ओवला होता. ती भरघोस माळ तिनं माझ्या दोन्ही खिळ्यांना अडकवली, मध्ये आंब्याची पानं खोवली आणि हात जोडले.

माळ बरोबर त्या कागदावर आली.

मित्रांनो, वस्तूला तोंड नसतं. नाही तर त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असतो.

सुट्टी झाली. मुलांच्या फोनवर काय झालं, ते मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं. मॅडमच्या सूचनेमागून आपट्याच्या पानांची चित्रं आणि सोन्यासारखं राहा म्हणणाऱ्या शुभेच्छा अशा लोटल्या, की सूचना कुठं वर गेली ते कुणाला दिसलंच नाही.

कॉलेज उघडलं त्या सकाळी संगिता नेहमीसारखी माझ्यापुढं आली. माळ अजून ताजी होती. झेंडू असतोच तसा, पाण्यावाचूनही टिकतो. तिला फुलांच्या खालून कागदाची शेवटची पट्टी तेवढी दिसली. "मुलींच्या निवासाची सोय" एवढीच अक्षरं. ती खाली वाकली, बाजूला झाली, काचेला गाल लावून बघितलं. पण माळेला हात लावला नाही. पूजेची माळ आपण होऊन हलवायची नाही, हे तिच्या घरीही शिकवलेलं होतं.

तिनं रुख्मिणीबाईला विचारलं. रुख्मिणीबाई म्हणाली, "वाळू दे गं माय. पूजेचा हार असा मधीच काढू न्हाई. वाळला की मी येहिरीत सोडते, मग वाच की निवांत."

"काही महत्त्वाचं असंल तर, मावशी?"

"महत्त्वाचं असतं तर मॅडम वर्गात सांगितल्या नसत्या का?"

संगिता वर्गात गेली. मधल्या सुट्टीत पुन्हा येऊन उभी राहिली. पुन्हा तेवढीच अक्षरं वाचली आणि निघून गेली.

दुपार कलली. वर्ग सुटले. सृष्टी मॅडम व्हरांड्यातून येताना दिसल्या, चेहरा उतरलेला. त्या दिवशी त्यांचा तास नव्हता, म्हणून त्या दिवसभर वरच्या खोलीत कुणी येईल म्हणून वाट पाहत बसल्या होत्या. रुख्मिणीबाईजवळ येऊन त्या म्हणाल्या, "मावशी, एकही नाव आलं नाही हो. फोनवर टाकलं, फलकावर लावलं. आपल्या मुलांना काही नकोच आहे वाटतं. आता रिकामंच कळवते मी."

"फलकावर कुठं लावलं, मॅडम?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"मधोमध."

दोघींनी माझ्याकडं बघितलं. मधोमध झेंडू होता.

रुख्मिणीबाईनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "देवाला फूल वाह्यचं ते पायावर, न्हाई तर डोक्यावर. डोळ्यावर कोन ठिवतं? म्या ठिवलं बघा."

ती आत गेली आणि चिमूटभर अक्षता घेऊन आली. माझ्यावर अक्षता टाकल्या, पुन्हा या म्हणून हात जोडले आणि दोन्ही हातांनी माळ उतरवली. माझ्या काचेवर परागांचा पिवळा पट्टा राहिला. त्यातून मॅडमचा कागद दिसू लागला. रुख्मिणीबाईला वाचायला वेळ लागतो, पण ती शेवटची पट्टी तिनं वाचली आणि सकाळची पोरगी तिला आठवली.

संगिता तेव्हा फाटकाबाहेर पोचली होती. तांड्याकडची बस वळण घेत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली नसती. रुख्मिणीबाईचा आवाज व्हरांड्याच्या खांबापर्यंतसुद्धा जात नाही. तिनं हाक मारलीच नाही. तिनं घंटेचा हातोडा उचलला आणि घंटा बडवायला लागली. कॉलेज सुटून गेल्यावर घंटा वाजतेय हे ऐकून सगळी मुलं मागं वळली. प्राचार्य उत्तमराव चष्मा हातात घेऊन बाहेर आले, काय झालं म्हणून. रुख्मिणीबाई फाटकाकडं बघत वाजवतच राहिली. संगिता वळली. तिनं बघितलं, की मावशीच्या खांद्यावर माळ आहे आणि माझी काच मोकळी आहे. बस निघून गेली. संगिता माझ्यापुढं आली.

तिनं तो कागद वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला. मॅडमनी कोरा कागद पुढं केला, तेव्हा ती माझ्याच चौकटीला कागद टेकवून उभ्या उभ्या लिहायला लागली. तिच्या आजीचं, जिवनबाईचं गाणं होतं. बैलांच्या पाठीवर मीठ लादून माळावरून निघालेल्या जुन्या माणसांचं. मराठी अर्थ लिहिताना एका ओळीवर ती अडली. बैलाच्या गळ्यातली घंटा थांबली की समजावं पाणी जवळ आलं, असं काहीसं होतं, पण तिला खात्री वाटेना.

घरचीही परवानगी हवी होती. मॅडमनी रामसिंगला फोन लावला. त्या दिवशी फाट्यावर काम नव्हतं, तो तांड्यावरच होता. फोनमधला त्याचा आवाज सगळ्या व्हरांड्याला ऐकू येत होता.

"गाणे शिकायला बोलावलं म्हंता? गाणे तर आमच्या घरी म्हातारी फुकट शिकवते, मॅडम."

"तीच गाणी लिहून जपायची आहेत, रामसिंगभाऊ. म्हणून तर संगितासारखी मुलगी हवी."

मग त्यानं विचारलं, "म्हंजे त्यायनं सोता बोलावलं ना? आपण मागून न्हाई राहिलो?"

"कागद आलाय इथं. फलकावर लावलाय."

"मंग जाऊ द्या. बोलावल्यावर आमी अडवत न्हाई."

एवढ्यात फोन कुणी तरी ओढून घेतला. जिवनबाई होती. तिला मॅडमशी नाही, नातीशी बोलायचं होतं. कोणती ओळ अडली ते संगितानं आपल्या बोलीत सांगितलं. म्हातारी सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत म्हणाली, "घंटा थांबली न्हाई बाई, घंटा जलद झाली. पान्याचा वास आला की तहानेला बैल थांबते का? चुकीचं लिहून माझं नाव खराब करू नको."

संगितानं "थांबली" खोडलं आणि "जलद झाली" लिहिलं. मॅडमनी त्या कागदाचा फोटो आणि नाव तिथूनच, माझ्यापुढं उभं राहून, फोनवरून विद्यापीठाला पाठवलं. उत्तमरावांनी तिला दुचाकीवरून तांड्यापर्यंत सोडायला एका शिक्षिकाबाईंना सांगितलं. रुख्मिणीबाई माळ घेऊन विहिरीकडं गेली. जाताना तिनं माझी काच पदरानं पुसली. त्या दिवशी मला दोनदा पुसलं गेलं.

दिवाळीनंतर निवडीचा कागद आला. तो कुलूप काढून रुख्मिणीबाईनं स्वतः टाचला आणि त्याच्या शेजारी दुसरं काहीच लावू दिलं नाही. रामसिंग तो बघायला फाट्यावरून आला. त्याला वाचता येत नव्हतं, पण लेकीचं नाव कुठं आहे ते तिनं बोटानं दाखवलं. त्यानं काचेवर तिथंच बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मित्रांनो, आता दर दसऱ्याला माझी पूजा होते ती अशी: हळदकुंकू चौकटीला, माळ चौकटीच्या खाली, काच मोकळी. तुम्हीही ज्याला मान द्याल त्याचे डोळे झाकू नका. माझ्या अंगावर जाहिराती चिकटवू नका, जुने कागद वेळेवर काढा, आणि फोनवर आलेली चांगली बातमी शेजारच्या बाकावरच्याला तोंडानं सांगा. त्याच्या घरचा फोन कुणाच्या खिशात आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

संगिता एम.ए.ला गेली. परवा सुट्टीला आली होती. तिनं रुख्मिणीबाईकडून किल्ली मागून घेतली आणि माझ्या पोटात एक हातानं लिहिलेला कागद टाचला. दर शनिवारी दुपारी इथं, या व्हरांड्यात, घरची गाणी लिहायला बसायचं आहे, असं त्यात आहे. कोणत्याही वर्गाची मुलगी, कोणत्याही बोलीतलं गाणं. सगळ्यांत खाली, अगदी बुटक्या मुलीलाही सहज वाचता येईल अशा ठिकाणी, तिनं मोठ्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे:

"फोन नसला तरी चालेल. तुम्हाला बोलावलं आहे."