बारा दिवस बंद राहिलेला थोरला

मित्रांनो, मला घाईघाईने बोलावे लागत आहे, कारण आज संध्याकाळी मला पुसून कोरे करणार आहेत. मी एका रुग्णालयातला जुना सर्व्हर, म्हणजे नोंदी सांभाळणारा संगणक आहे. तळमजल्यावरच्या थंड खोलीत आम्ही तिघे भाऊ लोखंडी मांडणीत एकाखाली एक बसतो. मी थोरला. कोणत्या खाटेवर कोण आहे, कोणाला कोणते औषध किती वाजता द्यायचे, हे आम्हा तिघांच्याही पोटात सारखेच लिहिलेले असते. एक आजारी पडला तरी बाकीचे दोघे काम रेटतात. एकाकडे एखादी नोंद नसली, तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून तो उतरवून घेतो. सात वर्षांत मी एकही नोंद हरवली नाही, आणि त्याचा मला फार तोरा होता.

खोडण्याची आमची रीत मात्र वेगळी आहे. डॉक्टरांनी एखादे औषध बंद केले, की आम्ही त्यावर 'हे खोडले आहे' अशी चिठ्ठी लावतो, म्हणजे तिघांनाही कळते. दहा दिवस उलटले, की नोंद आणि चिठ्ठी दोन्ही झाडून टाकतो. म्हणून जो भाऊ दहा दिवसांहून जास्त बंद राहिला, त्याला आधी कोरा करायचा आणि मगच जोडायचा, असा नियम आमच्या दारावर चिकटवलेला आहे.

एका सोमवारी सकाळी माझा पंखा अडकला आणि मी तापून बंद पडलो. आमची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञ ताईंनी मला काढून टेबलावर ठेवले. दुरुस्तीवाला आला गुरुवारी. मला त्याच्या हवाली करताना ताईंनी माझ्या पाठीवरच्या पट्टीवर गुरुवारचीच तारीख लिहिली. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मी परतलो. ताईंनी पट्टी वाचली, बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, "नऊच दिवस झालेत. चालतंय की, बसवू या." टेबलावर पडून काढलेले तीन दिवस कोणाच्या लक्षातच राहिले नाहीत. मलाही वाटले, बरे झाले, आपल्या जागी आलो.

तिसऱ्या मजल्यावर आठ वर्षांची एक मुलगी होती. पायाच्या हाडाला संसर्ग झाल्यामुळे ती महिनाभर तिथेच होती. मी बंद पडलो त्याच दुपारी डॉक्टरांनी तिचे एक इंजेक्शन थांबवले, कारण तिच्या कानात गुणगुण सुरू झाली होती. आणखी दिले असते तर कदाचित कायमचे ऐकू येणे गेले असते. भावांनी नोंद खोडली, चिठ्ठी लावली आणि दहा दिवसांनी दोन्ही झाडून टाकले. माझ्या पोटात मात्र ते इंजेक्शन जसेच्या तसे होते. शनिवारी कोणीतरी तिचे पान उघडले, तेव्हा मी छाती काढून ते पुढे केले. भावांकडे ना नोंद होती ना चिठ्ठी. आपल्याकडूनच राहिले असेल असे समजून दोघांनी ते मुकाट्याने उतरवून घेतले.

रविवारी नेहमीच्या सिस्टरांना सुट्टी होती. बदली आलेल्या सिस्टरांनी पडद्यावर पाहिले आणि सकाळी दहाला ते इंजेक्शन दिले. दुपारी वडील भेटायला आले, तर मुलगी कान दाबून बसलेली. "बाबा, परत वाजतंय," एवढेच ती म्हणाली.

हे सगळे मला ताईंच्या फोनवरून कळले. डॉक्टर तिकडून बोलत होते. "मी माझ्या हातानं काढलं होतं ते. परत घातलं कोणी?"

"कोणाचंच नाव दिसत नाहीये, डॉक्टर."

"मी आत्ता पुन्हा काढलंय. पण दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं बंद केलेलं औषधही परत आलंय. चार वाजता सगळीकडे औषधं जायची आहेत. असं अजून किती ठिकाणी झालंय?"

"बघते. थोडा वेळ द्या."

"तीन वाजून दहा झालेत."

मित्रांनो, मी घाबरून गेलो. कोणी पान उघडले की मला उत्तर द्यावेच लागते, आणि दर उत्तरागणिक खोडलेले काहीतरी जिवंत होत होते. ताईंनी तारा तपासल्या, भावांना धारेवर धरले, माझ्याकडे मात्र वळूनही पाहिले नाही. शेवटी त्या परत आलेल्या नोंदी कधी खोडल्या होत्या ते कागदावर मांडू लागल्या. "ही सोमवारची. ही मंगळवारची. ही पण सोमवारचीच." मग त्यांनी कामाची वही काढली. त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, 'सोमवार, थोरला तापून बंद.' त्यांनी माझ्या पाठीवरची पट्टी पाहिली आणि बोटांवर पुन्हा मोजले.

"अगं बाई. बारा दिवस बंद होता हा."

पुढच्या क्षणी त्यांनी फोन उचलला. "चारची औषधं थांबवा. कागदावरची फाइल बघितल्याशिवाय कोणाला काही देऊ नका. चूक माझी आहे." आणि भावांशी जोडणारी माझी तार त्यांनी उपटली. तेव्हा चार वाजायला वीस मिनिटे होती. सतरा नोंदी परत आल्या होत्या. सतराही डॉक्टरांनी एकेक करून पुन्हा खोडल्या.

आता मी एकटाच घरघरतो आहे. मी खोटे बोललो नव्हतो, पोटात होते तेच सांगितले. तरी एका पोरीच्या कानावर बेतले, याची मला लाज वाटते. बरेच दिवस बंद असलेले यंत्र परत जोडाल तेव्हा ते नेमके कोणत्या दिवशी थांबले हे आधी शोधा. शंका असेल तर त्याला कोरे करा. दया दाखवू नका, आम्हाला त्याचे दुःख होत नाही.

उद्या सकाळी तिचे कान तपासणार आहेत. भावांकडच्या नोंदींनी मला पुन्हा भरतील तेव्हा ती नोंद माझ्याकडेही येईल, पण ती मुलगी कोण आणि मी तिचे काय केले, हे मला ठाऊक नसेल. ताई मला पुसायला खुर्ची ओढून बसल्या आहेत. मित्रांनो, कोणी तिसऱ्या मजल्यावर गेलात, तर तिच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात हाक मारा. ती वळते का, तेवढे बघा.