अर्धा स्वर वर

कळलाव्या पन्नाशीला आला तरी त्याला चिकटलेलं ते नाव काही सुटलं नाही, आणि ते सुटावं असं त्यालाही कधी वाटलं नाही. पगार घ्यायचा तो रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसण्याचा, पण खरा धंदा लोकांच्या खोड्या काढायचा. ढोलवाल्याचं घोरणं गुपचूप रेकॉर्ड करून त्यानं एका अंगाईच्या मागे घुसवलं होतं आणि ती अंगाई तशीच विकली गेली होती. हे तो अजून लोकांना जिन्यात अडवून सांगायचा.

कंपनीकडे वाद्यवृंदाची रेकॉर्डिंगं ढिगानं यायची. सिनेमावाले, जाहिरातवाले ती विकत घ्यायचे. प्रत्येकाला एक कार्ड लागायचं आणि कार्डावर तीन ओळी: लय, पट्टी, भाव. मिनिटाला ठोके किती, सूर कुठल्या पट्टीत, आणि ऐकून वाटतं काय. एकतीस वर्षं ही कार्डं काका भरत होते. हातात घड्याळ नाही, समोर पेटी नाही, नुसता कान. खालच्या मजल्यावर काचेच्या खोलीत डोळे मिटून बसायचे आणि लिहायचे, 'चौऱ्याऐंशी. पांढरी दोन. वाईट बातमी हसत हसत सांगणारा माणूस.'

कंपनी चालवणाऱ्या मॅडमना या तिसऱ्या ओळीचा भयंकर वैताग. "काका, आनंदी, दुःखी, जोशपूर्ण, शांत. चारातलं एक निवडा ना. गिऱ्हाईक काय असलं शोधत येणार आहे का?"

"ज्याला असलंच लागेल तो येईल की," काका म्हणायचे.

मग मॅडमनी एक प्रोग्रॅम आणला, तीन सेकंदांत कार्ड भरणारा. काकांना तडकाफडकी काढणं बरं दिसेना, म्हणून सामना ठरला. सोमवारी सकाळी दहा रेकॉर्डिंगं. वर मॅडमच्या टेबलावर प्रोग्रॅम, खाली काका. या दहांपुरते वाद्यवृंदाकडून खरी लय-पट्टी लिहिलेले कागद मागवले होते, त्यांच्याशी दोघांची कार्डं ताडून बघायची. लय आणि पट्टीत काका बरोबरीत राहिले तर खुर्ची त्यांची, नाही तर घरी. घर म्हणजे काय, तर काकू गेल्यापासून चूल न पेटलेल्या दोन खोल्या.

काका चुकायचे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कळलाव्याची खाज तीच होती.

"अठरा वर्षं झाली, या माणसाला एकदा चुकताना बघायचंय मला," तो स्टुडिओतल्या वायरमनला म्हणाला. "मग चहाच्या वेळी सांगून टाकू. मॅडमचं तोंड बघ तेव्हा."

प्रोग्रॅमला रेकॉर्डिंग थेट मिळायचं, काकांना मात्र कळलाव्याच्या मशीनमधून. त्या मशीनला वेगाचं एक बटण होतं. सहा टक्के फिरवलं की लय पळते आणि पट्टी बरोबर अर्धा स्वर वर सरकते. पहिली तीन रेकॉर्डिंगं त्यानं सरळ जाऊ दिली. चौथ्याला बटण फिरवलं आणि ठेवलं तसंच.

काकांनी डोळे उघडले. काचेपलीकडून मायकवर आवाज आला, "अरे, हे वाजवत होते तेव्हा मी तिथं बसलो होतो. पांढरी दोन होती. मशीनचा वेग बरोबर आहे ना?"

"आता माझ्या मशीनवर शंका होय? एकदम चोख आहे काका."

"शपथ?"

"तुमची शपथ."

वायरमन टेबलाखाली वाकून तोंडात रुमाल कोंबत होता. कळलाव्याला वाटलं, आता म्हातारा आठवणीतून पांढरी दोन लिहून मोकळा होणार आणि आपली गंमत पाण्यात जाणार. काकांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. आणि कानाला येत होतं तेच लिहिलं: एकोणनव्वद, काळी दोन. आठवणीतून कार्ड भरायचं नाही, कानातूनच भरायचं, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम. कानाशी खोटं बोलून खुर्ची राखायची अक्कल त्यांना नव्हती. उरलेली सहाही त्यांनी तशीच भरली. अगदी प्रामाणिकपणे, आणि झाडून सगळी चुकीची.

चहाच्या आधीच मॅडमनी निकाल लावला. प्रोग्रॅम दहा, काका तीन. कळलाव्या दात काढतच वर गेला. "मॅडम, थांबा, पत्र टाईप करू नका. गंमत केली मी. वेग वाढवला होता."

मॅडमची बोटं थांबली नाहीत. "माहितीये मला. सातच्या सात मोजून अर्धा स्वर वर. एवढं नेटकं कुणी चुकतं का?"

"मग?"

"मग काय? त्यांना कसं काढावं याच विचारात होते मी सहा महिने. तू बसल्याबसल्या करून दिलंस." आता त्यांनी मान वर केली. "जा, सांग त्यांना खुशाल. तुझंही पत्र याच्या पाठोपाठ टाईप करते. कामात दगाबाजी केली म्हणून. या वयात कोण दारात उभं करतंय ते बघ मग."

अर्धा जिना उतरेपर्यंत कळलाव्या सांगणार होता. उरलेल्या अर्ध्या जिन्यात त्याला बायकोचं तोंड आठवलं.

काका हेडफोनची वायर गुंडाळत बसले होते. "बस रे. एक विचारतो, खरं सांग. आमच्या गुरुजींचा कान म्हातारपणी असाच अर्धा स्वर चढला होता. सगळं बेसूर वाटायचं त्यांना. शेवटी शेवटी कुणी गाणं लावलं की खोलीतून उठून जायचे. माझं तसंच झालंय का? मशीनवर तू होतास. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"झालंय खरं, काका," कळलाव्या म्हणाला. आणि गरज नसताना, जिभेला सवयच म्हणून, पुढचंही बोलला, "वर्षभर बघतोय मी. बोललो नाही इतकंच."

काकांनी वायरीचा गुंडा टेबलावर ठेवला. "बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "दुसरा कुणी गोड बोलून गेला असता. घरी तबकड्या आहेत दोनशेच्या वर, प्लेअर आहे. रविवारी येऊन घेऊन जा. असल्या कानानं ऐकून त्या नासवायच्या कशाला?"

रविवारी कळलाव्या वायरमनला घेऊन गेला. गाडी भरायला पाच खेपा लागल्या. दर खेपेला दार मिटत होतं, म्हणून काका ते धरून उभे राहिले.