लेकीचा अशील

टॅक्सीवाल्याला एकच खोड होती आणि त्या खोडीपायीच त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहिला. गिऱ्हाईक कुठलंही असो, स्टेशनवर निघालेलं की दवाखान्यात, तो गाडी हमखास कोर्टामागच्या रस्त्यानं काढायचा. तिथं दुसऱ्या मजल्यावर त्याच्या लेकीच्या वकिलीची पाटी होती. पाटी आली की गाडी हळू, मान वर. "ती पाटी दिसली का? आमची मुलगी. फौजदारी वकील." गिऱ्हाईक 'अरे वा' म्हणेपर्यंत मान खाली यायची नाही. एका सकाळी एका गिऱ्हाइकानं 'अरे वा' म्हणायला जरा उशीर केला आणि तेवढ्यात टॅक्सी पेपरवाल्याच्या सायकलवर गेली. पेपरवाल्याची मांडी मोडली.

टॅक्सीवाल्यानं त्याला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, त्याच्या घरी निरोप दिला, सगळं रीतसर केलं. पण पोलिसांपुढे जबाब द्यायची वेळ आली तेव्हा तोंडातून निघून गेलं, "सायकल अचानक आडवी आली." गिऱ्हाईक तर केव्हाच पसार झालं होतं. पेपरवाल्याला धडकेआधीचं काही आठवत नव्हतं. खरं काय ते जाणणारा जगात एकच माणूस उरला आणि तो थापा मारत होता.

लेक म्हणाली, "बाबा, दुसरा वकील बघा."

"का? शिंप्याच्या बापानं सदरा दुसरीकडून शिवून घ्यायचा का?"

ती हसली नाही. ती कामाच्या बाबतीत हसायचीच नाही. "ठीक आहे. पण बाबा घरी. ऑफिसात तुम्ही अशील. बाहेर बाकावर सगळ्यांसारखं बसायचं आणि माझे वडील आहात हे कुणाला सांगायचं नाही."

झालं, लेकीचं कौतुक सांगण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याला तिच्याच दारात तोंड शिवून बसायची शिक्षा खटल्याआधीच मिळाली.

बाहेरच्या खोलीत दोन बाकं होती, एक पंखा होता आणि त्याचा आवाज वाऱ्यापेक्षा जास्त होता. शेजारी बसला होता बेकरीवाला. भागीदाराला मारल्याच्या आरोपातून तो सुटला होता आणि निकालाची नक्कल न्यायला आला होता. पलीकडे एका रखवालदाराची बायको, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"पहिल्यांदा आलात का काका?" बेकरीवाल्यानं विचारलं. "मग जरा जपून. बाई खुर्चीतून उठून तुमच्या डोक्यावर येऊन उभ्या राहतात. म्हणतात, आता मी तुमची वकील नाही, सरकारी वकील. आणि मग जे सोलतात! मी आत रडलोय. भट्टीपुढे कधी इतका घाम फुटला नव्हता."

"पण सोडवलं ना?" टॅक्सीवाल्याची छाती आपोआप पुढे आली.

"सोडवलं. पण दोन गोड शब्द बोलतील तर शपथ."

"तुमचं निदान काम तरी झालं," रखवालदाराची बायको म्हणाली. "माझा नवरा तुरुंगात आहे, मारामारीच्या खटल्यात. तो त्या रात्री तिथं नव्हताच, एवढं एक वाक्य बाईंनी कोर्टात बोलायचं होतं. नाही बोलल्या. का, तर तो तिथं होता. मी तोंडावर सांगितलं त्यांना, तुम्हाला तुमचं नाक वर ठेवायचंय, मग माझं घर बुडालं तरी बेहत्तर."

टॅक्सीवाल्याची कानशिलं तापली. काय बोलायचं ते जिभेवर तयार होतं, पण जीभ त्यानं दातांखाली धरली. "मग परत इथंच कशाला आलात?"

"अपिलासाठी."

"यांच्याकडेच?"

"मग कुणाकडे जाऊ?" ती फणकारली. "बाकीचे तिघे आरोपीही म्हणत होते, आमचा हात लागला नाही म्हणून. त्यांचं कुणी ऐकलं नाही. माझ्या नवऱ्याच्या बाजूनं या बोलल्या, तो तिथं होता पण त्यानं मारलं नाही, तर न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून मान वर केली. सगळ्यांत कमी शिक्षा त्याला झाली. माझा राग आहे तो आहेच, तो जायचा नाही. पण ही बाई कोर्टात खोटं बोलत नाही हे तिथल्या भिंतींनाही ठाऊक आहे."

टॅक्सीवाल्याला इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता. आणि तो अभिमान पुरता वर यायच्या आतच त्याला पोलिसांपुढचा स्वतःचा जबाब आठवला. तेवढ्यात आतून हाक आली.

लेक खुर्चीतून उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या डोक्यावर येऊन उभी राहिली.

"नजर कुठं होती?"

"समोर."

"हात?"

"स्टिअरिंगवर."

"सायकल कुठून आली?"

"डावीकडून. एकदम."

तिनं त्याला आडवं घेतलं, उभं घेतलं, मागून फिरून तेच प्रश्न पुन्हा विचारले. तो तसूभर हलला नाही. जन्मभर रहदारी पोलिसांशी बोलून त्याची जीभ चांगली तयार झाली होती. शेवटी ती परत खुर्चीत बसली आणि ऑफिसातला स्वतःचाच नियम विसरली.

"छान, बाबा. इतका सरळ अशील मला कधी मिळाला नव्हता. उद्या मी उभी राहून हेच सांगते."

तो दारापर्यंत गेला. कडीला हात घातला. उद्या ही उभी राहील, न्यायाधीश लिहिणं थांबवतील, मान वर करतील, कारण ही बोलते आहे. आणि बोलेल काय, तर त्याची थाप. तो मागे वळला.

"मी वर बघत होतो."

"वर काय होतं?"

त्याला ते सांगण्यापेक्षा तुरुंगात जाणं सोपं वाटलं. "तुझी पाटी."

लेकीनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"दाखवतो मी. गिऱ्हाइकांना."

"सगळ्यांना?"

"लहान मुलं सोडून. त्यांना वकिली कळत नाही."

ती उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. वळली तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज वकिलाचाच होता. "त्या माणसाची मांडी मोडली, बाबा."

"ठाऊक आहे."

"आता मला सायकल आडवी आली म्हणता येणार नाही. दुसरा वकील केलात तर तो म्हणेल. कदाचित सुटालही. गुन्हा कबूल केलात तर लायसन्स जाईल आणि या वयात परत मिळायचं नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी काही सांगणार नाही."

टॅक्सी म्हणजे त्याचे हातपाय होते. त्या रात्री तो गाडीत जाऊन नुसताच बसला, किल्ली न लावता.

दुसऱ्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, पाटीसकट. पेपरवाला कुबड्या शेजारी ठेवून समोर बसला होता, त्याच्याकडे बघून हात जोडले. न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "ही कबुली कुणाच्या दबावाखाली देताय का?"

"हो साहेब."

कोर्टात कुजबुज झाली. लेक झटकन वळली.

"कुणाच्या?"

"या वकीलबाईंच्या. त्यांनी मला काही सांगितलं नाही. उलट माझी थाप खरी मानून भांडायला निघाल्या होत्या. पण त्या इथं कधी खोटं बोलल्या नाहीत, असं त्यांच्यावर चिडलेली माणसंसुद्धा सांगतात. त्यांचं पहिलं खोटं माझ्या नावावर नको."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. "वकीलबाई, शिक्षेबद्दल काही म्हणायचंय?"

ती उठली. हातातले कागद तिनं टेबलावर ठेवले.

"साहेब, चूक मोठी आहे, ती मी लहान करून सांगणार नाही," ती म्हणाली आणि मग भरल्या कोर्टात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाली, "फक्त कोर्टानं नोंद करून घ्यावी, हे माझे वडील आहेत."