रांगेतली पोर

“साहेब मीटिंगमध्ये आहेत,” टेलिफोनबाई रिसीव्हरमध्ये म्हणाल्या. साहेब त्यांच्याच टेबलाला टेकून बिस्कीट खात होते. संपादकाला एकट्यानंही मीटिंग भरवता येते, हे बाईंना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

“काय म्हणतोय?” साहेबांनी विचारलं.

“तुम्हाला लाज वाटते का, असं विचारतायत.”

“निरोप पोचला म्हणावं,” म्हणून साहेबांनी दुसरं बिस्कीट उचललं.

सकाळपासून हेच चाललं होतं. त्या आठवड्यात नदीत लाँच बुडाली होती. झेपतील त्याच्या दुप्पट माणसं आत कोंबलेली. आज पहिल्या पानावर त्यावर व्यंगचित्र आलं होतं. नदीच्या तळाशी लाँच कंपनीची तिकीटखिडकी, तिच्यापुढे बुडालेल्यांची रांग, प्रत्येकाच्या तोंडातून बुडबुडे, आणि आतला कारकून ओरडतोय, “ढकलाढकली नको, सगळ्यांना घेतो!”

खरं म्हणजे ते बघून बाई फिस्सकन हसल्या होत्या. मग फोन वाजायला लागले. चित्र काढणारा एक, छापणारा दुसरा. शिव्या खायला मात्र बाईंची नेमणूक. “तुमच्या घरचं कुणी बुडायला हवं होतं,” असं कुणी म्हणालं, की “हो, सांगते,” म्हणायचं आणि पुढचा फोन घ्यायचा.

दुपारी आला तो आवाज मात्र चढलेला नव्हता. म्हातारा होता, दमलेला होता.

“ताई, चित्र काढणाऱ्या साहेबांना एक निरोप द्याल?”

“बोला आजोबा.”

“चित्र बरोबर आहे त्यांचं. हाणा त्या कंपनीवाल्यांना. अजून हाणा. फक्त त्या रांगेत पोर आहे ना, दोन वेण्यांची, पाठीला दप्तर? तेवढी काढून टाका.”

बाईंनी अंक पुढे ओढला. पोर होती. तिची एक वेणी पाण्यात वर तरंगत होती.

“माझी नात होती हो लाँचमध्ये. तुमच्या माणसानं तिला कुठं बघितलंय, कळतं मला. पण तिच्या आईनं पेपर बघितला, आणि तेव्हापासून विचारतेय, अजून रांगेतच आहे का ही? रविवारच्या पुरवणीत आठवड्याचं चित्र तुम्ही परत छापता ना, मोठं करून? त्याच्या आत काढा. नाहीतर फाडून टाकायला मी किती घरी जाऊ?”

“निरोप पोचवते,” बाई सवयीनं म्हणाल्या. मग त्यांना आपल्याच शब्दांचा राग आला. पुरवणी संध्याकाळी छपाईला जायची होती. फोन वाजता ठेवून त्या उठल्या.

व्यंगचित्रकाराला सगळे रेघोटे म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असावं.

“बाई, तुम्ही खुर्ची सोडलीत? आग लागली काय?”

बाईंनी सांगितलं. रेघोट्यांनी ब्रश खाली ठेवला.

“पोर काढली तर उरलं काय? पोट सुटलेले चार बाप्ये! लोक हसतील आणि चहा पितील. सकाळी हसलात ना तुम्ही?”

“हसले.”

“आणि मग थांबलात?”

“थांबले.”

“तिनंच थांबवलं तुम्हाला! मी तिच्याच बाजूनं काढलंय हो, कंपनीच्या नाही.”

“ते कळतंय त्यांना. पण पोर त्यांची आहे.”

“माझी पोर शाईची आहे, बाई!”

“मग पुसायला काय जड जातंय?”

रेघोट्यांनी ब्रश परत उचलला. बाई साहेबांकडे गेल्या.

“आज पोर काढा म्हणतील, उद्या खिडकी, परवा नदीच काढा म्हणतील,” साहेब म्हणाले. “कंपनीचे वकील टपून बसलेत. आपण रेघ जरी हलवली, तरी पेपरनं माघार घेतली म्हणून नाचतील.”

यातही खोटं काही नव्हतं आणि बाईंचा संताप त्यामुळेच जास्त झाला. साफ चुकलेल्या माणसाशी भांडणं किती सोपं असतं!

“मग आजोबांना काय सांगू?”

“मीटिंगमध्ये आहेत म्हणा.”

संध्याकाळी आजोबांचा फोन आलाच. “सांगितलंत?”

मीटिंग जिभेवर आली होती. बाईंनी ती गिळली. “सांगितलं. नाही म्हणाले.”

“बरं,” आजोबा म्हणाले. “सांगितलंत, तेवढंही कोण करतं.”

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, तर बाईंना घरी जाऊन दोन घास तरी गिळता आले असते.

रविवारी बाईंची ड्यूटी होती. पुरवणी उघडायची नाही असं ठरवून त्यांनी ती उघडली. चित्र होतं, चांगलं अर्ध्या पानाचं. खिडकी होती, कारकून होता, रांग होती. पोर नव्हती. रेघोट्यांनी कुणाला न विचारता पांढरा रंग लावून चित्र परस्पर छपाईला दिलं होतं. पण पुढचा माणूस होता तिथंच होता, मागचा होता तिथंच होता, आणि मध्ये एका मुलाएवढी जागा कोरी राहिली होती.

साहेबांचा घरून फोन आला. “रांगेला भोक पडलंय ते बघितलंत? कुणी विचारलं तर छपाईतला दोष म्हणून सांगा!”

रेघोटे सोमवारच्या चित्रावर वाकले होते. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी त्यांनी वर बघितलं नाही. “मागच्यांना पुढं सरकवता आलं असतं,” ते म्हणाले. “हात धजेना.”

इतक्यात फोन वाजला. बाई टेबलाकडे धावल्या.

“अहो, चित्रात मध्येच जागा सुटलीय तुमच्या. छपाई चुकली काय?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “तिथं एक मुलगी होती.”

पलीकडच्या माणसानं फोन ठेवला नाही. बाईही रिसीव्हर कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या.