मेहकरच्या बिऱ्हाडातला मलखांब

मित्रांनो, अमडापुरात एका गोठ्यात खाली जाड आणि वर निमुळता असा एक काळपट खांब उभा आहे. त्याला म्हशीचं दावं बांधलेलं असतं. म्हशीला खाज सुटली की ती त्याला अंग घासते आणि तो मुकाट्यानं घासून घेतो. तो खांब म्हणजे मी. म्हशीबद्दल माझी काही तक्रार नाही, जनावर आहे ते. माझी तक्रार माणसांबद्दल आहे, आणि ती मी आज सगळी सांगणार आहे. ऐकायची असेल तर ऐका.

मी मूळचा मलखांब. भगवंतराव म्हणजे अमडापुरातले चांगल्या जमिनीचे धनी, आणि कुस्तीचं त्यांना भारी वेड. त्यांनी सागाचं खोड आणून सुतारापुढे टाकलं. सुतारानं रंधा मारमारून मला असा गुळगुळीत केला की माझ्यावरून मुंगीही घसरावी. माथ्यावर बोंड, त्याखाली मान, मग खाली रुंद होत गेलेलं अंग. अंगणात खड्डा खणून मला उभा केला, नारळ फोडला, एरंडेल चोळलं. त्या दिवशी मला वाटलं, आपलं नशीब फळफळलं. खुळाच होतो मी!

ते एरंडेल मला रोज कोण चोळायचं, माहीत आहे? सोजरा. भगवंतरावांची थोरली लेक. तिच्यापाठचा इंद्रभान तिच्यापेक्षा वर्षानं लहान. सोजरा तेल चोळता चोळता पाढे म्हणायची, अगदी पावकी-निमकीसुद्धा. गावच्या शाळेत ती मागच्या भिंतीशी बसायची, पण मुलं अडली की मास्तर तिलाच उभं करायचे. आणि इंद्रभान? त्याच्यासारखा हलका पोरगा मी दुसरा पाहिला नाही. पायांची अढी घालून तो माझ्या मानेला उलटा लटकायचा, तेव्हा मलासुद्धा अभिमान वाटायचा. मात्र पुस्तक पुढं आलं की त्याला जांभया यायच्या. हे घरातल्या सगळ्यांना दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं.

गावची शाळा चौथीपर्यंतच. इंद्रभान चौथी झाला, सोजराला मात्र परीक्षेला बसवलंच नव्हतं. पुढं इंग्रजी शिकायचं तर शहरगावी बिऱ्हाड करणं भाग होतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि इंग्रजी शिकलेल्या पोराला कचेरीत खुर्ची मिळते असं जो तो सांगायचा. मग प्रश्न आला, पोराला कुठल्या गावी ठेवायचं?

सोजराची आई अन्नपूर्णाबाई. तिचा भाऊ वामनराव बुलढाण्याला राहायचा. त्यानं निरोप धाडला होता की दोन्ही मुलं माझ्याकडे पाठवा, घरात स्वैंपाकाला माणूस आहे, मुलांची शाळा आहे आणि मुलींचीही आहे. अन्नपूर्णाबाई माझ्याजवळ उभी राहून नवऱ्याला समजावत होती, पण भगवंतरावांना ते झोंबलं.

ते म्हणाले, "साळ्याच्या दारावर माया पोरगा वाढवू काय? उद्या गाव म्हणन, भगवंतरावाले एक पोरगं पोसणं झालं नाई."

तरी बायकोची समजूत म्हणून ते बुलढाण्याला शाळा बघायला गेले. वर्गात पाऊलसुद्धा टाकलं नाही. मैदानाच्या कडेला उभे राहिले, अर्ध्या चड्ड्या घातलेली मुलं चामड्याच्या चेंडूमागे धावताना पाहिली, आणि तोंड वाकडं करून परत आले. मग मेहकरला गेले. तिथं शाळेजवळच तालीम होती, तांबडी माती होती, वस्ताद होता. भगवंतरावांनी तिथल्या पोरांच्या मांड्या दाबून पाहिल्या आणि खूश झाले. शाळेत काय शिकवतात हे त्यांनी तिथंही विचारलं नाही. शाळा पाहायला गेलेला माणूस मांड्या पाहून आला, आणि घरात त्याला कोणी काही बोललं नाही.

मेहकर ठरलं. आता भाकरी कोण टाकणार? आईबाप तर शेती सोडून जाऊ शकत नव्हते. भगवंतरावांची एक म्हातारी आत्या होती, पण तिचे हात कापायचे, ती नुसती सोबतीला जाणार होती. आमच्याकडे अशा वेळी काय करतात ते तुम्हाला ठाऊक नसेल तर ऐका. पोराच्या शिक्षणाला घरातली एक पोरगी जोडून देतात. त्याचं दप्तर, त्याचं अंथरूण, त्याची बहीण. सोजराला सांगितलं की मेहकरातही मुलींची शाळा आहे, भाकरी टाकून तू शाळेत जा. ती इतकी हरखली की मला दोनदा तेल चोळलं.

मला उपटून बैलगाडीत आडवा घातला. माझ्या अंगावर ज्वारीचं पोतं, आणि पोत्यावर सोजरा पाटी छातीशी धरून बसलेली.

मेहकरला भाड्याच्या दोन खोल्या आणि मागं अंगण. अंगणात एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला छपरीत चूल. म्हणून मित्रांनो, पुढचं घरातलं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. इंद्रभान पहाटे तालमीत जायचा. आला की त्याला दूध आणि वाटलेले बदाम लागायचे. मग तो माझ्यावर चढायचा. मग आंघोळीचं पाणी, मग भाकरी, मग तो शाळेत. मुलींची शाळा भरायची सकाळी. सोजरा तव्यावरची शेवटची भाकरी काढायची तेव्हा तिकडं मुली दुसरा धडा वाचत असायच्या. पहिले काही दिवस ती पीठ लागलेल्या हातांनी धावत गेली. मग आत्याबाई आजारी पडली. मग पाणी भरायचं आलं. भगवंतराव दर आठवड्याला धान्य घेऊन यायचे, आणि सोजरानं शाळेचं विचारलं की म्हणायचे, नागपंचमीच्या कुस्त्या होऊ दे, मग बघू. नागपंचमी झाली. मग म्हणाले, दिवाळी होऊ दे. मला तर वाटतं, जगात मुलींना जितके सण येतात तितके कुणालाच येत नसतील!

इंद्रभान वाईट नव्हता, बरं का. तो संध्याकाळी गणितं घेऊन चुलीपाशी बसायचा आणि सोजरा पीठ मळता मळता ती तोंडानं सोडवायची. तो उतरवून घ्यायचा. शाळेत त्याला शाबासकी मिळायची. आपली शाबासकी दुसऱ्याची आहे हे त्याला कळायचं, पण अंगावर आलेली शाबासकी कोण झटकून टाकतो?

मुलींच्या शाळेत सरस्वतीबाई नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या कानावर हे गेलं. एक दिवस त्या भगवंतराव आलेले पाहून स्वतः घरी आल्या. म्हणाल्या की फाल्गुनात साहेब शाळा तपासायला येणार आहेत, चौथीची परीक्षा तेच घेतील. सोजराला नुसतं एक दिवस पाठवा. ती पास होणारच. पुढं मास्तरणीच्या शिक्षणाला सरकार तिला स्वतःच्या खर्चानं पाठवेल. भगवंतराव खुशीत होते, ते हो म्हणाले. अगदी माझ्या अंगावर हात ठेवून हो म्हणाले.

सोजरानं मग काय अभ्यास केला म्हणता! भाकरी थापताना भूगोल, मला तेल चोळताना व्याकरण. वऱ्हाडातल्या नद्या मला तेव्हाच पाठ झाल्या. आजही विचारा, सांगेन. आणि त्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासाठी काही मागितलं. ते म्हणजे परीक्षेच्या दिवशी घालायला धुतलेलं लुगडं.

तो दिवस उजाडला. साहेब सकाळी मुलींची शाळा तपासणार होते, आणि साहेब आलेच आहेत म्हणून दुपारी त्यांच्यापुढे मुलांचे खेळ ठेवले होते. इंद्रभान मलखांब करणार होता. सोजरानं भावाचं दूध दिलं, भाकरी झाकून ठेवली, लुगडं नेसली, पाटी घेतली. आणि दारात दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. भगवंतराव अमडापूरची मंडळी घेऊन आले होते. पाटील, पंच, तालमीतले जुने गडी, सगळे इंद्रभानचा खेळ बघायला. सगळे उपाशी.

भगवंतरावांनी सोजराला चुलीकडे बोट दाखवलं. तेवढ्यात सरस्वतीबाई तिला न्यायला दारापर्यंत आल्या. भगवंतरावांनी हात जोडले आणि आज घरी पाहुणे आहेत, पुढच्या वेळी बघू, असं सांगून त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. साहेब पुन्हा येणार वर्षानं. बाई काही तरी बोलायला गेल्या, पण पंचमंडळी बघत होती. त्या निघून गेल्या.

सोजरा पाटी धरून उभीच होती. ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, तुमी मले काल सांगतलं असतं तं मी पहाटीच साऱ्याइच्या भाकरी टाकून ठेवल्या असत्या."

भगवंतराव म्हणाले, "पाव्हण्याच्या ताटात तव्यावरची पडाव लागते. झाकून ठेवलेली वाढून माई इज्जत घालवतं काय?"

बस. एवढंच. गरम भाकरीच्या इज्जतीपायी पोरीचं सगळं पुढचं शिक्षण चुलीत गेलं. तिनं पदर खोचला आणि परात पुढं ओढली. मी समोर उभा होतो. त्या सकाळी माझ्या अंगावर चोळलेलं तेल अजून ओलं होतं, आणि मला त्याची शिसारी आली. मंडळी जेवली, ढेकरा दिल्या, पोरीच्या हाताला चव आहे म्हणाली. दुपारी इंद्रभाननं शाळेतल्या मलखांबावर कमाल केली. साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि बक्षीस म्हणून इंग्रजी गोष्टींचं पुस्तक दिलं. ते पुस्तक त्यानं कधी उघडलं नाही. त्याला ते वाचायचं नव्हतं, आणि जिला वाचायचं होतं तिला इंग्रजी कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी साहेब आले तेव्हा सोजराचं लग्न लागून ती लोणारला सासरी गेली होती. तिच्यामागं इंद्रभानची गणितं कोण सोडवणार? एका वर्षी तो गणितात नापास झाला, दुसऱ्या वर्षी इंग्रजीत. मिसरूड फुटेपर्यंत तो लहान मुलांबरोबर बसला, आणि शेवटी भगवंतरावांनी त्याला शेतीवर परत आणलं. कचेरीतली खुर्ची कचेरीतच राहिली. मी पुन्हा गाडीत आडवा पडलो, पण अमडापूरच्या अंगणात माझ्यासाठी कोणी खड्डा खणला नाही. गोठ्यात खणला.

वर्षं गेली. इंद्रभान बाप झाला, त्याला एक मुलगा आणि त्यामागं एक मुलगी. मुलगा चौथी झाला. आता इंद्रभान काही बापासारखा अडाणीपणा करणार नव्हता. त्यानं बुलढाण्याला जाऊन वर्गात बसून पाहिलं, मॅट्रिकला किती मुलं बसतात ते विचारलं, फुटबॉल कुठं खेळतात ते मैदानही पाहिलं. वामनराव मामा तोवर वारला होता, म्हणून खोल्या भाड्यानं ठरवल्या. गोठ्यात म्हशीला वैरण टाकता टाकता तो गड्याला म्हणायचा, माया बाबानं जे चुकवलं ते मी नाही चुकवणार. मलाही वाटलं, शहाणा झाला पोरगा.

त्या साली अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोजराबाई माहेरी आली. केस पिकायला लागलेले, आणि सोबत तिची लेक, थेट सोजरासारखीच चुणचुणीत. ती पोरगी लोणारच्या शाळेत जात होती, आल्या आल्या तिनं माझ्यावर कोळशानं आपलं नाव लिहिलं. जेवणं झाली. इंद्रभान बहिणीला घेऊन गोठ्याच्या सावलीत येऊन बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "अक्का, तुयी पोरगी दे मले बुलढाण्याले. पोराच्या खाण्यापिण्याले घरचं माणूस पाह्यजे. तिथं पोरींची शाळाबी हाय."

सोजराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला असेल असं मला वाटलं, पण आवाज अगदी शांत होता. म्हणाली, "पोराले नेतं तं भाकरी टाकणं शिकवून ने."

बाजेवर पडलेले म्हातारे भगवंतराव ते ऐकून उठून बसले. माहेरी येऊन भावाला असं बोलतेस, भावाचं लेकरू तुला जड झालं, असं बरंच काही बोलले. तिनं उठून लेकीचा हात धरला, गाठोडं बांधलं आणि सणाच्या दिवशी भर उन्हात लोणारची वाट धरली. अन्नपूर्णाबाई दारात पुरणपोळीचं ताट घेऊन उभी होती. लेकीला थांब म्हणायची तिची छाती झाली नाही. त्यानंतर सोजराबाई कधी माहेरी आली नाही, आणि तिची पोरगी किती शिकली ते मला कळलं नाही.

आणि इंद्रभाननं काय केलं? स्वतःची धाकटी पोरगी नेली. तिला तर नीट पीठही मळता येत नव्हतं. जाण्याआधी अन्नपूर्णाबाई रोज तिला गोठ्यापुढच्या चुलीशी, माझ्यासमोर बसवून भाकरी थापायला शिकवायची. पोरीच्या हाताला चटके बसायचे आणि ती फुंकर मारून पुन्हा थापायला बसायची. निघायच्या दिवशी तिनं आपली पाटी गाडीत ठेवली. परातीला जागा होईना म्हणून इंद्रभाननं ती पाटी उचलून माझ्या बुंध्याशी टेकवली आणि गाडी हाकली. दुसऱ्या दिवशी म्हशीचा पाय त्या पाटीवर पडला.

मित्रांनो, शिकवण द्यायचा मला काय अधिकार? मी साधा लाकडाचा खांब. पण तुम्ही खेळा, खूप खेळा. चांगल्या गावी, चांगल्या शाळेत जा. माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या शिक्षणासाठी घर हलेल त्या दिवशी गाडीत आणखी कोण कोण बसलं आहे ते नीट बघा. त्यात तुमची बहीण असेल तर तिची शाळा कुठली आणि ती किती वाजता भरते, ते वडिलांना तुम्ही विचारा. तिनं विचारलं तर कोणी उत्तर देत नाही, ते मी पाहिलं आहे. आणि तुम्हाला भाकरी थापता येत नसेल, तर आज संध्याकाळीच चुलीपाशी बसून शिका.