फुलाफुलांची सावली

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो. सिमेंटची, फुलाफुलांची. दिल्लीत आर. के. पुरममधल्या एका सरकारी क्वार्टरच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत मला बसवलं होतं.

माझं काम साधं. ऊन अडवायचं, वारा आत सोडायचा. जूनमधली लू, तो भाजून काढणारा वारा, माझ्यातून जाताना थोडी नरम व्हायची. उल्का आपल्या तान्ह्या रेवतीला माझ्याच आडोशाला निजवायची. बाळाच्या पोटावर सावलीची फुलं हळूहळू सरकत आणि रडं थांबे. "ही बघ तुझी मावशी," असं उल्का म्हणायची, तेव्हा मला इतकं बरं वाटायचं!

मग क्वार्टर पाडून तिथे टॉवर बांधायचं ठरलं. भिंती अजून धडधाकट होत्या. डागडुजी करून किती वर्षं चालल्या असत्या! पण तसा विचारच कुणी केला नाही. रेवतीच्या बाबांनी, श्रीरंगने, गुरुग्रामला भाड्याने फ्लॅट घेतला.

"जाळी न्यायची," उल्का म्हणाली.

"अगं, तिथे एसी आहे, यार!"

"एसीची सावली पडते का?"

शेवटी श्रीरंगने मजुरांकडून मला छिन्नीने अलगद सोडवून घेतलं. गाडीत चढवताना धापा टाकत म्हणाला, "तुझ्या माहेरचं कपाटसुद्धा एवढं जड नव्हतं!" मी मात्र हरखून गेले होते.

नव्या बाल्कनीत मला जेमतेम उभं केलं, तोच सोसायटीच्या सेक्रेटरी अलकनंदाजी आल्या.

"ये मलबा ऊपर क्यों लाए? सब बालकनी एक जैसी दिखनी चाहिए."

"मलबा नहीं है जी. बेटी इसकी छाँव में सोती है," मला राडारोडा म्हटलेलं ऐकून उल्का म्हणाली.

"तो पर्दा लगा लीजिए ना."

त्याच संध्याकाळी मला बेसमेंटमध्ये, गाडीच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलं. इथे ऊन नाही, वारा नाही. पहिल्या उन्हाळ्यात उल्का येता-जाता ओढणीने माझी धूळ पुसायची. पुढे तेही राहून जाऊ लागलं. तान्हं मूल आणि घर, तिला तरी उसंत कुठली!

आता रेवती चालते. काल गाडीत बसताना तिने माझ्या फुलात बोट घातलं, धूळ बघून ओढून घेतलं आणि म्हणाली, "छी, गंदा!"

"गंदी नाही गं राणी, ही तुझी..." उल्काने तिचं बोट ओढणीने पुसलं आणि गाडीचं दार लावलं.

मित्रांनो, जुनं घर पाडण्याआधी भर दुपारी एकदा त्याच्या सावलीत बसून बघा. आणि तुमच्याकडे उन्हाची एखादी खिडकी असेल, तर मला घेऊन जा. मी अजून कुठेही तडकलेले नाही.