ऐनापासून अकरा पावलं

"मशीन बांधीत नोको उतरवू! आधी मले पावलं मोजू दे," अनुसयाबाई शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडली.

रोवणीचं यंत्र पाण्याने भरलेल्या भातखाचराच्या, बांधीच्या तोंडाशी घरघरत उभं होतं. ते चालवणारा मुन्ना माझ्या बाबांकडे बघत होता आणि बाबा माझ्याकडे. अनुसयाबाईला मोटारसायकलवर मागे बसवून मीच शेतात आणलं होतं.

"आत्याबाई, सावलीत बस ना," बाबा म्हणाले. "दर साली तू पाच जागा उघड्या सोडते. यंदा मशीन आहे, बांधी पुरी भरू दे."

"तुया डोक्यात भर, भूपेंद्र. तिथं लय जागा आहे."

मुन्ना हसला. "काकाजी, बुढी ऐकून नाही राहिली. मशीन का अंगावरून नेऊ?"

"नेजो. आधी पावलं मोजू दे, मंग नेजो."

अनुसयाबाई माझ्या आजोबांची धाकटी बहीण. नव्वदीला एक वर्ष कमी. सोळाव्या वर्षी नवरा गेला आणि ती दवनीवाड्याला बापाच्या घरी परत आली. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात ती याच चिखलात वाकलेली असे. तिचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा.

रोवणी करताना या एका बांधीत ती पूर्वेच्या धुऱ्यालगत पाच ठिकाणी हातभर जागा मोकळी सोडायची. घरात म्हणत, बुढीचं लक्ष उडतं. मी दहावीत होते तेव्हा एका रविवारी उरलेली रोपं, पऱ्हे घेऊन त्या जागा भरून टाकल्या. मला वाटलं, मी मदत केली. त्या दिवशी ती जेवली नाही. सकाळी पाचही जागा पुन्हा उघड्या होत्या आणि तिचे हात कोपरापर्यंत खरचटलेले. मी वहीत लिहून ठेवलं: कारण अज्ञात.

कारण या उन्हाळ्यात सापडलं, तेही मी दुसरंच काही शोधत असताना. जातपडताळणीसाठी वंशावळ आणि जुना पुरावा हवा होता. पुरावा म्हणजे कोतवाल बुक. इंग्रजांच्या काळात गावातले जन्ममृत्यू त्यात लिहीत. मला आजोबांच्या जन्माची एक ओळ पुरेशी होती. पण शेजारच्या ओळी वाचायची मला खोडच आहे. १९३१ ते १९४४. 'शालीकराम यास मुलगा.' 'शालीकराम यास मुलगी.' शालीकराम म्हणजे माझे पणजोबा. सहा जन्म होते. आमच्या वंशावळीत दोनच मुलं, आजोबा आणि अनुसयाबाई. बाकीचे चार मृत्यूंच्या पानांवर भेटले. वय सहा दिवस, अकरा दिवस, एक महिना, वीस दिवस. नाव कुणालाच नव्हतं.

तहसील कार्यालयाच्या कोंदट खोलीत पंख्याखाली बसल्याबसल्या मला ती बांधी दिसू लागली. हिरव्या रोपांमध्ये पाण्याचे उघडे तुकडे, आणि त्यांत संथ सरकणारे ढग. पण ते तुकडे पाच होते. माझं गणित एकाने चुकत होतं.

"चल आजी," मी म्हणाले आणि तिचा हात धरून चिखलात उतरले.

धुऱ्याच्या टोकाला ऐनाचं झाड आहे. तिने त्याच्या खोडाला पाठ लावली आणि मोजायला लागली. पाणी पोटरीपर्यंत होतं. तिचं पाऊल इतकं हळू उचललं जाई की जणू ती झोपलेल्या कुणाच्या अंगावरून चालत होती. अकराव्या पावलावर ती थांबली.

"हा सगळ्यात मोठा. मी नाही पाहिला, मायनं दाखवला."

दोन पावलं पुढे. "ही बहीण."

"इथं कायले ठेवलं आजी?"

"दात नाही आले त्या लेकराले जाळत नाही, पोरी. आपल्या वावरात ठेवते. माय म्हणे, जेवढी जागा त्यानं घेतली तेवढी त्याची. तेवढ्यावर धान नाही घ्यायचं."

चौथी जागा झाली. मी म्हणाले, "बुकात चारच आहेत."

ती पाचव्या जागी जाऊन उभी राहिली.

"बुक कोनाचं?"

"सरकारचं. आजोबा जन्मले त्या वेळचं."

"मंग त्यात माही कशी सापडन?"

मागे यंत्र बंद झालं. मुन्नाने कधी चावी फिरवली, कळलंही नाही.

"दोन दिवसाची होती," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "इथला कोतवाल म्हणे, पोरगी सासरची, तिकडं लिवा. तिकडचा म्हणे, झाली बापाच्या गावात, तिथं लिवा. मी म्हटलं, राहू द्या. मले तं माहीत आहे."

धुऱ्यावर बाबांनी चपला काढल्या. ही गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती.

मला त्या क्षणीही आकडेच सुचले. तरुणपणी तिचं पाऊल दोन फुटांचं असेल, आता जेमतेम एक. म्हणजे अकरा पावलांवरची जागा दहाएक फूट झाडाकडे सरकली होती. सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं.

ती बोळकं उघडून हसली. "मले का समजत नाही? माह्यानं दूर जाणं होत नाही, तं तेच जवळ येऊन राहिले."

यंत्राला जागा सोडता येत नाही. मुन्नाने बांधी सरळ रेषांत लावून दिली. मग बाबा चिखलात बसले आणि ती धुऱ्यावरून सांगेल तिथली रोपं हाताने उपटत गेले. "इथं, आत्याबाई?" "थोडं अलीकडं." पाचव्या जागेला त्यांनी विचारलं नाही. तिथे तिने आपली काठी रोवून ठेवली होती.

पडताळणीच्या अर्जात या मुलांना रकाना नाही. म्हणून संध्याकाळी मी मोठ्या कागदावर दुसरी वंशावळ काढली. शालीकरामच्या खाली सहा चौकोन. मग अनुसयाबाईच्या नावाखाली, पहिल्यांदाच, एक रेघ आणि एक चौकोन.

"हिचं नाव काय लिहू?"

"दोन दिवसात कोन नाव ठेवते?"

मी चौकोन कोरा ठेवला. तिला वाचता येत नाही. तिने बोट ठेवून विचारलं, "हे?"

"हो."

तिने त्यावर अख्खा तळहात ठेवला. नखांत अजून चिखल होता. शाई ओली होती, मी सांगणार होते. मग नाही सांगितलं.